दुसरी प्रत

माझ्या टेबलावरचा संगणक बोटं पसरलेल्या पंज्याखाली जवळजवळ झाकला जातो. १२.७ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, ५ सेंटिमीटर उंच. वजन पाऊण किलोच्या आत. चालू करायचं बटण तळाशी आहे, म्हणून सकाळी त्याची एक कड बोटाने किंचित उचलावी लागते, आणि तेव्हा त्याचं ॲल्युमिनियम हाताला गार लागतं. पडदा, कीबोर्ड, माउस हे सगळं बाहेरचं. यंत्र म्हणजे एवढी चौकोनी डबीच. मला ती आवडते. टेबलावर ती जागा मागत नाही, आवाज करत नाही, आणि शेजारी चहाचा कप, चष्म्याचं घर, पत्रांचा गठ्ठा हे सगळं पूर्वीसारखंच राहू शकतं. मात्र हा आकार गाठताना काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं याचे निर्णय कुणीतरी माझ्या आधीच घेऊन टाकलेले असतात.

या घराण्यातला पहिला मॅक मिनी जानेवारी २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी दाखवला. तो १६.५ सेंटिमीटरचा होता आणि त्याच्या सगळ्यात स्वस्त प्रकारात ४० जीबीची हार्डडिस्क होती. तो उघडायला बाहेरून स्क्रू नव्हते. रंगारी भिंतीला पुट्टी लावताना वापरतात तसलं पातळ पातं फटीत सरकवून लोक तो उघडत आणि आतली डिस्क काढून मोठी बसवत. २०१८ च्या मॉडेलात साठवणीच्या चिपा बोर्डावरच सोल्डर केलेल्या आल्या. २०२४ च्या, म्हणजे माझ्याजवळच्या यंत्रात त्या पुन्हा सुट्या कार्डावर आहेत, पण ते कार्ड बाजारातल्या एनव्हीएमई कार्डांच्या जातीचं नाही. त्यावर स्वतःचा कंट्रोलर नसतो, तो मुख्य चिपमध्ये असतो. कार्ड बदललं की दुसरा मॅक जोडून सगळी यंत्रणा नव्याने उतरवावी लागते. असं करणारी हौशी माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी त्या वाटेला गेले नाही, कारण मला हवी असलेली जागा यंत्राच्या आत असून चालणारच नव्हती.

यंत्र मी घेतलं ते बाबांच्या निगेटिव्हसाठी. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला, काळा, हलका, पोरांच्या हातातही देता येईल असा. १२० च्या एका रोलमध्ये सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघत. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे बाबा कॅमेरा डोळ्याला लावून बराच वेळ थांबत आणि पुष्कळदा बटण न दाबताच खाली घेत. त्यांनी काढलेल्या निगेटिव्ह आईने पातळ बटर पेपरच्या पाकिटांत घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवल्या. काहींच्या कडेला पावसाळ्यांनी बुरशीची बारीक जाळी धरली आहे. ३२०० डीपीआयला स्कॅन केली की यातली एक निगेटिव्ह साधारण ५ कोटी पिक्सेलची होते. कृष्णधवल आणि १६ बिट ठेवली तर एका फाइलला १०० एमबी लागतात, एका रोलला सव्वा जीबीच्या आसपास.

शिवाय कॅसेटी आहेत. आत्या जात्यावरच्या ओव्या म्हणायची, जातं घरातून गेल्यावरही म्हणायची, आणि कुणीतरी शहाणपणाने तिच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरातल्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेवढी मोठी गोष्ट आमची नाही. आमच्याकडे एकाच बाईचा आवाज आहे, मध्येच खोकणारा, मध्येच कुणाला तरी ‘दूध बघ गं’ म्हणणारा. ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटने उतरवला की साठ मिनिटांची एक कॅसेट २ जीबी घेते. संगणकात जागा २५६ जीबी, त्यातली यंत्रणेने आणि रोजच्या कामाने खाल्लेली वजा केली तर हे सगळं कुठे मावणार? पडद्यावरची जागा दाखवणारी पट्टी भरत आली ती यामुळे.

एवढ्या मोठ्या फाइली कशाला ठेवायच्या, असं घरात मला विचारलं जातं. मोबाइलवर फोटो पाठवतो तेव्हा तो काहीशे केबीचा होतो आणि सगळ्यांना सुंदर दिसतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे एका फोटोतच आहे. आमच्या मागच्या अंगणातला फोटो आहे. आत्या पाटावर बसून केस विंचरते आहे, तिच्या मागे दोरीवर नऊवारी वाळत घातली आहे आणि उजव्या हाताला पाण्याचा तांब्याचा बंब आहे, चिंचेने नुकताच घासलेला. बंबाच्या पोटावर उजेड आहे. मोबाइलवर आलेल्या प्रतीत तो उजेड म्हणजे एक पांढरा डाग आहे. पूर्ण स्कॅन उघडून त्या डागावर गेलं की त्यात अंगण दिसतं, वाकलेलं, लहानसं, आणि अंगणाच्या मधोमध एक उभी आकृती, एक कोपर बाहेर काढलेली. चेहरा नाही. क्लिक थ्रीचं भिंग साधं, त्याच्याकडून चेहऱ्याची अपेक्षा करू नये. पण तो सदरा आणि ते कोपर कुणाचं आहे याबद्दल मला शंका नाही. बाबा स्वतःच्या फोटोंत कुठेच नाहीत, कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात असे. एवढ्या सगळ्या रोलांमध्ये ते मला सापडले ते या बंबावर. फाइल लहान करणाऱ्या गणिताच्या लेखी ते बिनमहत्त्वाचे बारीकसारीक पिक्सेल होते.

म्हणून लहान करून ठेवायचं नाही, हे ठरलं. मग जागा वाढवायची, हेही ठरलं. कुठे, हा प्रश्न उरला.

यंत्र घेतानाच २५६ ऐवजी ५१२ जीबी घेता आले असते, वीस हजार रुपये जास्त मोजून. तेवढ्यात, किंवा त्याहूनही कमी पैशांत, तेव्हा बाजारात २ टीबीचं एनव्हीएमई कार्ड आणि ते बाहेरून जोडायचं केसिंग दोन्ही मिळत होतं. पण पैशांपेक्षा मला अडवत होती ती दुसरीच गोष्ट. यंत्राच्या आतली जागा यंत्राबरोबर राहते. यंत्र जिथे आहे तिथेच ती आहे, आणि त्याचं जे होईल ते तिचं होईल.

आमच्या घरात १२ जुलै १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि त्याच दिवशी खाली खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं. आमचं बिऱ्हाड पुण्यात नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. माणसं वाचली. आजीने पोरं घेतली, दागिन्यांचा डबा घेतला, आजोबांनी औषधं आणि चपलासुद्धा सोडून म्हातारीला पाठीवर घेतलं. भिंतीवरच्या तसबिरी कुणी काढल्या नाहीत, काढायला वेळही नव्हता. आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो, पणजोबांचा पगडीतला, एका लहानपणी गेलेल्या मुलीचा एकुलता एक, हे सगळं एका पेटीत आणि एका भिंतीवर होतं. पाणी ओसरल्यावर चिखलाच्या थरातून काचा निघाल्या, चौकटी निघाल्या, कागद म्हणून काही निघालं नाही. त्या मुलीचं नाव आजी सांगायची, आणि ती कशी दिसायची ते सांगताना दर वेळी काहीतरी बदलायचं. कधी तिचे डोळे घारे असत, कधी नसत. आजीचा त्यात काही दोष नव्हता. पडताळून पाहायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

बाबा मिळवायला लागल्यावर त्यांनी पहिल्या काही महिन्यांतच कॅमेरा घेतला, असं आई सांगायची. त्यांनी ते का केलं हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि त्या काळचे पुरुष तसं बोलतही नसत. मला मात्र पटत आलं आहे की आमच्या घरातलं फोटोंचं वेड त्या पुरातून आलं. आजही पुण्यात माझ्यापेक्षा मोठ्या माणसांशी जुन्या फोटोंचा विषय काढावा तर बोलणं पुरावर जातं. कुणाची पोथी गेली, कुणाचं वाद्य, कुणाच्या वडिलांच्या हातच्या वह्या. पैसे गेले त्याचं दुःख साठ वर्षांत विरून गेलं आहे. वहीचं विरलेलं नाही.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेले. तिथल्या एका चिंचोळ्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाने माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

‘मशीन कुठलं आहे, काकू?’

‘मॅक मिनी. एम-फोर.’

मी हात लावलेला खोका त्याने अलगद बाजूला केला. ‘मग हे नका घेऊ. हे वीस जीबीपीएसचं आहे. तुमचं मशीन ते दहानेच चालवणार. वरचे पैसे उगाच जातील.’

‘आणि चाळीसचं?’

‘ते चालेल, मागच्या पोर्टला. व्हिडिओ एडिटिंग करता का?’

‘नाही रे. जुने फोटो आणि आवाज.’

‘मग दहा बास झालं. राहिलेल्या पैशांत कार्ड चांगलं घ्या.’

विकणाऱ्याने स्वस्त वस्तूकडे बोट दाखवावं याचं मला फार बरं वाटलं, आणि त्याचं म्हणणं खरंही होतं. १० जीबीपीएसची जोडणी चांगल्या दिवशी सेकंदाला १००० एमबीच्या जवळ जाते. माझा एक स्कॅन उघडायला एक दशांश सेकंद. चाळीसवाली त्याच्या तिप्पट वेगाने उघडेल, पण एक दशांशाच्या खाली माझ्या डोळ्यांना काही कळत नाही. केबल मात्र केसिंगबरोबर आलेलीच वापरायची, हे त्याने बजावून सांगितलं. मोबाइलच्या चार्जरची केबल अगदी तशीच दिसते आणि तिच्यातून बहुधा ४८० मेगाबिटच जातात, वीस पटींनी कमी. केसिंग ॲल्युमिनियमचं, वरून खाचा असलेलं. ‘गरम होणारच, काकू. गरम लागतंय म्हणजे आतली उष्णता बाहेर येतीये.’ मग कार्डांची खोकी त्याने समोर मांडली आणि पक्कं बिल करू ना, असं विचारलं. वॉरंटी पाच वर्षांची, बिलाशिवाय ती कशी मागणार?

त्या खोक्यांवरची बारीक अक्षरं मी वाचत राहिले, कारण त्या अक्षरांचा अर्थ मला आधीपासून ओढून घेत होता.

एसएसडीत, म्हणजे अशा कार्डात, फिरणारं काही नसतं. टोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात तिच्यातली फ्लॅश स्मृती शोधली, आणि आज आपण वापरतो तो नॅण्ड प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. तिच्यात अगणित सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत, वीज न वाहू देणाऱ्या थरांच्या आड, मोजके इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. किती कोंडले आहेत यावरून काय लिहिलं आहे ते वाचायचं. एका पेशीत एकच बिट ठेवायचा तर भरलेली की रिकामी एवढंच ओळखावं लागतं. टीएलसी प्रकारात तीन बिट असतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या. क्यूएलसीत चार बिट, सोळा पातळ्या. जागा वाढते, किंमत उतरते, आणि दोन पातळ्यांमधलं अंतर आक्रसत जातं. पुसताना पेशी एकेक पुसता येत नाही, अख्खा ठोकळा पुसावा लागतो, आणि दर पुसण्याला तो अडवणारा थर थोडा झिजतो. म्हणून कंट्रोलर सतत हिशेब ठेवून लिखाण सगळीकडे सारखं वाटत राहतो. किती लिहिता येईल याची हमी कंपन्या टेराबाइटांत छापतात. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी कार्डांवर ती बहुधा ६०० असते, क्रुशलच्या पी३ या १ टीबीच्या क्यूएलसी कार्डावर २२० आहे. माझ्यासारखीने आयुष्यभर स्कॅन केले तरी २२० पुरतील. तरीही मी टीएलसी घेतलं. आठ पातळ्यांवर माझा सोळापेक्षा जास्त विश्वास आहे.

स्मृती नेहमी इतकी दाट नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टीफ्रॅक हा संगणक सुरू झाला, आपल्या माणसांनी इथेच बांधलेला. पुराच्या आदल्या वर्षी. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत, एक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर १० केबी होतात. अंगणातल्या फोटोची एक फाइल ठेवायला जवळजवळ दहा हजार टीफ्रॅक लागले असते. ती स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती, तारांत ओवलेली, आणि कडं कोणत्या दिशेने चुंबकित आहे त्यावरून शून्य की एक ते ठरे. तसल्या कड्यांचा एक विशेष असा की वीज गेली तरी चुंबकत्वाची दिशा टिकून राहते. माझ्या हातातल्या कार्डात कोट्यवधी टीफ्रॅक मावतील. पण त्याच्या आत जे कोंडलेलं आहे ते मातीच्या माठातल्या पाण्यासारखं झिरपतं, फार हळू, वर्षानुवर्षं, आणि कार्ड विजेवाचून पडून असेल तर ते भरून काढणारं कुणी नसतं.

ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. जेडेक नावाची एक संस्था चिपांची प्रमाणं ठरवते. तिच्या निकषाप्रमाणे घरगुती एसएसडीची लिहिण्याची सगळी हमी वापरून संपली असेल, तरी त्यानंतर ३० अंश तापमानात विजेवाचून एक वर्ष तिने माहिती धरून ठेवली पाहिजे. कोरं कार्ड अर्थातच खूप जास्त काळ धरतं, घाबरून जावं असं त्यात काही नाही. पण उष्णतेने झिरपणं वाढतं, आणि आपल्याकडे जपून ठेवायची वस्तू माणसं कुठे ठेवतात? माळ्यावर. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यांत ३० अंश हे पहाटेचं तापमान असतं.

कागदाचं तसं नसतं. पेशवे दफ्तराचे कागद पुण्यात ज्या कापडी गठ्ठ्यांत बांधलेले आहेत त्यांना रुमाल म्हणतात. रियासतकार सरदेसाईंनी ते दफ्तर चाळून १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणी कारकुनाने बोरूने लिहून बांधलेला रुमाल सोडावा आणि कागद बोलायला लागावा, हे मला नेहमी नवलाचं वाटत आलं आहे. वाळवी आणि ओल यांच्यापासून वाचला तर कागद आपली वाट बघत थांबतो. मोडी वाचणारा यायला दोन पिढ्या लागल्या तरी थांबतो. मी घेत असलेलं कार्ड तसं थांबणारं नाही, हे त्या काउंटरशी उभी असताना मला अगदी स्वच्छ कळलं होतं. ते विकत घेणं म्हणजे त्याच्याकडे येत-जात राहायचं कबूल करणं. ही अट मला जाचक वाटली नाही. उलट, आत्याचा आवाज ज्यात ठेवायचा ते वरचेवर उघडावं लागेल, यात मला काहीतरी योग्यच वाटलं. बाबांच्या डब्यांना मधली कित्येक वर्षं कुणाचा हात लागला नव्हता. त्या काळात बुरशी शांतपणे आपलं काम करत होती.

कार्ड केसिंगमध्ये बसवायला नखाएवढा एक स्क्रू आणि एक रबरी खुंटी पुरते. ते २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब, च्युइंगमच्या वडीहून थोडं मोठं, आणि तिरकं घालून दाबलं की बसतं. घरी आणल्यावर मी ते आधी काठोकाठ भरलं आणि परत वाचून पडताळलं. इंटरनेटवर सोळा टीबी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त एसएसडी पुष्कळदा आतून साधी मेमरी कार्डं असतात, आकडा खोटा सांगायला शिकवलेली. खरी जागा संपली की त्या तक्रार करत नाहीत. नवीन फाइल घेतात आणि जुनीवर लिहितात, यादीत दोन्ही नावं दिसत राहतात. बाजारात होणाऱ्या फसवणुकींपैकी मला ही सगळ्यात दुष्ट वाटते. माणूस बेसावध राहतो आणि त्याचं बाळंतपणाचं, बारशाचं, लग्नाचं सगळं पुसलं जातं. एफ३ नावाचं एक मोफत साधन अशी परीक्षा घेतं. थोडा वेळ लागतो, पण कोणत्याही नव्या कार्डाची ती घेतल्याशिवाय त्यात काही ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

दादा न्यू जर्सीत एडिसनला असतो. रविवारी सकाळी, त्याच्याकडे शनिवारची रात्र असते तेव्हा, व्हिडिओवर बोलणं होतं. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘अगं, क्लाउडवर टाक की. हे कार्ड-बिर्ड कशाला हवंय?’

‘टाकते आहेच रे. पण ते खातं माझ्या नावावर, पासवर्ड माझ्या डोक्यात, आणि भाडं माझ्या कार्डावरून कापलं जातं.’

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘एक माझ्याकडे पाठव.’

पीटर क्रोग या छायाचित्रकारामुळे प्रसिद्ध झालेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. छायाचित्रकाराला असा नियम करावासा वाटला यात मला आश्चर्य वाटत नाही. एसएसडी माझी कामाची प्रत झाली, मॅकच्या एपीएफएस पद्धतीने बांधलेली. दुसरी साध्या हार्डडिस्कवर उतरते. ती सावकाश चालते, आत तबकडी फिरल्याचा बारीक आवाज येतो, पण विजेवाचून राहण्यात ती एसएसडीपेक्षा सोशीक आहे आणि तेवढ्याच पैशांत दुप्पट-तिप्पट जागा देते. दादासाठीची तिसरी एक्सफॅटमध्ये केली, कारण त्याच्याकडे विंडोज आहे आणि ही पद्धत दोघांनाही वाचता येते. ती वहिनीच्या भावाबरोबर गेली, भाजणी आणि मेतकुटाच्या पुड्यांशेजारी. प्रत्येक डिस्कवर एक साधी मजकुराची फाइल आहे. कोणत्या रोलमध्ये कोण आहे, फोटो कुठला आहे, ओवी म्हणणारी कोण, मध्येच हाक मारते ती कोणाला. त्या फाइलला काही केबीच लागतात, पण तिच्यावाचून बाकीचे सगळे टेराबाइट अनोळखी माणसांचे फोटो होऊन बसतील. ती लिहायला स्कॅन करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि अजून लागतो आहे, कारण विचारायची माणसं दर वर्षी कमी होत आहेत. अंगणातल्या फोटोसमोर मी लिहिलं आहे: आत्या, मागचं अंगण, बंबात बाबा.

दर जुलैत तिन्ही प्रतींची तपासणी होते, इथल्या दोन्हींची मी करते, दादाची तो करतो. नुसती डिस्क जोडली म्हणजे झालं असं नाही. फाइली वाचल्या जायला हव्यात. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढून आधी नोंदवून ठेवलेल्या आकड्याशी आजचा आकडा जुळतो का ते यंत्र रात्रभर बघत बसतं. एखादी जुळली नाही तर उरलेल्या दोघींपैकी एकीतून घ्यायची. यात कौशल्य काही नाही, पाळण्याचा भाग आहे.

कोणतं कार्ड घेऊ, असं मला आता ओळखीतली माणसं विचारतात, आणि बहुतेकांना वेगाबद्दल विचारायचं असतं. त्यांना मी सांगते की टीएलसी घ्या, नामांकित कंपनीचं घ्या, पक्क्या बिलावर घ्या, यंत्राच्या पोर्टाला झेपेल तेवढ्याच वेगाचं घ्या. दोन टीबीचं एक घ्यायचे पैसे असतील तर एक टीबीचं घ्या आणि उरलेल्यात हार्डडिस्क घ्या. तुमच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या खणात एखादी जुनी ड्राइव्ह, पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड पडून असेल, तर या आठवड्यात ते काढा, जोडा, आतल्या फाइली एकेक उघडून बघा. उघडत असतील तर दुसरी प्रत काढा, आणि ती स्वतःच्या घरात ठेवू नका.